बॉडीसूट तोकडे पडले, आता लेकीची कंबर उघडी पडते. थंडीत काय घालता मुलांना?

इसारकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१२

लेक दोन वर्षं चार महिन्यांची आहे. आम्ही म्युनिकला असतो. परवा सकाळी टेबलावरचं केळं घ्यायला तिने दोन्ही हात वर केले आणि बॉडीसूटची (दोन पायांच्या मध्ये बटणं लागणारी अखंड बंडी) खालची तिन्ही टिच बटणं टक टक टक करून आपोआप उघडली. तशी लक्षणं महिनाभर दिसतच होती. रात्री कपडे काढताना जांघेत लाल रेघ उमटलेली असायची, गळा ओढला जाऊन छातीवर यायचा, आणि ती बसली की खांदे खाली खेचले जायचे. लेबलवर ९२ लिहिलंय, तिची उंची ९१ सेंमी आहे, म्हणून मी समजत होते की अजून एक महिना निघेल. पण हा आकडा पूर्ण उंचीचा असतो. हिचे पाय आखूड आणि धड लांब आहे, शिवाय आत डायपर. खांद्यापासून दोन पायांच्या मधपर्यंतचं माप घ्यायला हवं होतं.

पुढचं माप आणणार होते, तेवढ्यात तिच्या किटातल्या (पाळणाघर-बालवाडी) ताईंनी सांगितलं की आता बॉडी नकोच. ती शू सांगायला लागली आहे, धावत बाथरूमपर्यंत पोचते, पण बटणं तिला उघडता येत नाहीत आणि तेवढ्यात होऊन जाते. एका आठवड्यात तीनदा झालं. तिसऱ्या वेळी ती रडली म्हणे. ते ऐकून मी त्याच रात्री सगळे बॉडीसूट कपाटातून काढून बाजूला ठेवले.

दुसऱ्या दिवशी टीशर्ट, स्वेटर, पँट घालून पाठवलं. दुपारी आणायला गेले तर ती वाळूत ओणवी होऊन खड्डा खणत होती, आणि जॅकेट, स्वेटर, टीशर्ट सगळं वर सरकून पाठीचा वीतभर भाग उघडा. बाहेर चार अंश. हात लावला तर बर्फासारखा गार. तिला त्याचं काहीच नव्हतं, खणणं चालू होतं. मला मात्र रात्री झोप लागली नाही.

इथे मुलं रोज बाहेर नेतात, पाऊस असो की बर्फ. आत आलं की हीटिंगमुळे २१-२२ अंश. आई नाशिकहून रोज सांगते की दोन स्वेटर घाल. दोन घातले तर आत घामाने भिजते आणि कंबर उघडी ती उघडीच. बॉडीसूट जे काम करत होता ते आता कशाने करायचं? तुम्ही काय केलंत?

लोकरवेडी | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

अगं, मी स्टुटगार्टला. दोन मुलं याच किटापद्धतीतून वाढवली आहेत. तुझा प्रश्न बरोबर जागी आहे. थंडी जाडीने कमी अडते आणि दोन कपड्यांच्या जोडावर जास्त घुसते. बॉडीसूटमध्ये कमरेला जोडच नव्हता. आता तो जोड तुला झाकायचाय.

सगळ्यात आत उंटरहेम्ड, म्हणजे आपली बंडी. पण ती लांब हवी, ढुंगणाच्या खाली जाणारी. एक माप मोठं घे, ९८ किंवा १०४. त्यावर श्ट्रुम्फहोजे, पायांसकट असलेली जाड विणीची टाइट्स. इथे मुलगेही सर्रास घालतात. आता क्रम महत्त्वाचा: बंडी टाइट्सच्या आत खोचायची, टीशर्ट टाइट्सच्या बाहेर ठेवून पँटच्या आत. टाइट्सची कड बेंबीच्या वर येते आणि बंडीला धरून ठेवते. ती कितीही वाकली तरी टीशर्ट निघेल, बंडी निघणार नाही. सगळं एकत्र पँटमध्ये खोचलं तर सगळं एकत्रच बाहेर येतं.

बाहेर जाताना मातशहोजे, ती छातीपर्यंत येणारी, खांद्यावर पट्टे असलेली रबरी पँट. ती पाणी-चिखलासाठी असते खरी, पण माझ्या मते तिचा अर्धा उपयोग कमरेसाठी आहे. जॅकेट वर सरकलं तरी आत पाठ झाकलेली राहते.

कापडाचं म्हणशील तर आतली बंडी लोकर-रेशमाची घे, सत्तर टक्के मेरिनो, तीस टक्के रेशीम अशी सर्रास मिळते. टोचत नाही. सुती बंडी घामाने भिजली की अंगाला चिकटून गार पडते. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, म्हणून आत-बाहेर करणाऱ्या मुलाला तीच बरी. महाग आहे, मी जवळजवळ सगळ्या फ्लोमार्क्टमधून, म्हणजे जुन्या बाजारातून घेतल्या. लोकरीचे कपडे रोज धुवावे लागत नाहीत, रात्री खिडकीशी टांगले की वास जातो. धुताना तीस अंश, लोकरीचा प्रोग्राम, सॉफ्टनर अजिबात नाही, पिळायचं नाही, टॉवेलवर आडवं वाळवायचं. मी पहिली बंडी साठ अंशांवर टाकली होती, ती बाहुलीला झाली.

टोरांटोकर | १७ नोव्हेंबर, पहाटे ४:२०

गाडीने नेता का तिला? तर एक गोष्ट आधी वाचा. फुगीर जॅकेट किंवा स्नोसूट घालून कारसीटचा पट्टा लावू नका. धक्का बसला की जॅकेटमधली हवा दाबली जाते आणि पट्टा सैल पडतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेचीही हीच सूचना आहे.

घरी करून बघा. जॅकेट घालून मुलीला सीटमध्ये बसवा, पट्टा नीट घट्ट करा. मग पट्ट्याची लांबी न बदलता तिला बाहेर काढा, जॅकेट काढा, परत बसवून पट्टा लावा. खांद्यापाशी पट्ट्याची चिमूट धरता आली तर तेवढा तो सैल होता. मी हे केलं तेव्हा माझी अख्खी मूठ आत जात होती. त्या दिवसापासून गाडीत पातळ फ्लीस, पट्टा लावल्यावर त्याच्या वरून पांघरूण, आणि जॅकेट मागची बाजू पुढे करून हातांतून घालायचं. उणे पंधरामध्येही एवढं पुरतं, गाडी पाच मिनिटांत तापते.

निफाडकरीण | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:४८

इसारकाठ, तुमच्या उलट परिस्थिती आमच्याकडे. तुमच्याकडे घर ऊबदार आणि बाहेर गार. आमच्या निफाडला हिवाळ्यात पहाटे घरात आणि बाहेर सारखंच! पारा पाचाच्या खाली गेला की लोक द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, मणी तडकू नयेत म्हणून. घरात हीटर कुणाकडे नाही. फरशी अशी गार की पाय टेकवत नाही. आणि दुपारी बारा वाजता मुलं घामाघूम. त्यामुळे आमच्याकडे एक जाड कपडा कधीच चालत नाही, तीन पातळ चालतात. पुढून पूर्ण उघडणारे हवेत, म्हणजे खेळता खेळता काढता येतात. डोक्यातून काढायचा स्वेटर काढताना पोरगं आतली बंडीही वर ओढतं.

बॉडीसूट टाकून देऊ नका! माझ्या जावेने सांगितलेली युक्ती: टिच बटणांच्या वर, जिथे पट्टी निमुळती व्हायला लागते तिथे सरळ आडवं कापायचं आणि टेलरकडून कडेला इंटरलॉक मारून घ्यायचं. बंडी तयार. कापड आधीच धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं. फक्त लांबी बघा. आखूड पडत असेल तर दोन बॉडीसूटची एक बंडी करा, दुसऱ्याच्या पोटाकडची पट्टी खाली जोडून. मी भाचीसाठी असे सात केलेत, चार रुपये नगाने टेलरने इंटरलॉक मारून दिलं (ओळखीचा आहे).

इसारकाठ | १७ नोव्हेंबर, दुपारी १:३०

निफाडकरीण, हे वाचून मी लगेच कपाटातून पिशवी काढली. केळ्याच्या दिवशीचा तो पिवळा बॉडीसूट तिला फार आवडतो, त्याच्यावर बदक आहे. इथे इंटरलॉक मारून देणारा शोधते.

टोरांटोकर, गाडी आठवड्यातून एकदाच वापरतो, पण तुमची चाचणी आज संध्याकाळीच करते.

आजी_कॉलेजरोड | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:१५

बाळ, तुझ्या आईचं चुकत नाही गं, तिला काळजी आहे म्हणून ती दोन स्वेटर म्हणते. पण तिला सांग की दोन विणू नकोस, एकच वीण, फक्त पाठ लांब ठेव.

मी गेली चाळीस वर्षं विणते आहे. लहान मुलांच्या स्वेटरचा मागचा पल्ला पुढच्यापेक्षा चार बोटं लांब ठेवायचा. मूल ओणवं झालं की पाठच उघडी पडते, पोट नाही. खालची पट्टी एक सुलट एक उलट, नेहमीपेक्षा दुप्पट रुंद, आणि सुई एक नंबर बारीक घ्यायची म्हणजे ती कमरेला धरून बसते. बाह्या नकोत. बिनबाह्यांचा स्वेटर जॅकेटच्या आत गोळा होत नाही, मुलाला हात हलवता येतात. छाती आणि पाठ ऊबदार असली की बाकी अंग सांभाळून घेतं.

आमच्या वेळी कुंची होती. डोकं, कान, मान, पाठ, सगळं एका कापडात. मूल चालायला लागलं की कुंची सुटायची, कारण पायात यायची. मग मी नातवासाठी लोकरीची आखूड कुंची केली, खांद्याच्या थोडी खाली येणारी, जॅकेटच्या आत जाणारी. कान झाकतात, मान झाकते, मफलर लागत नाही.

लोकरवेडी | १७ नोव्हेंबर, दुपारी ३:५०

आजी, तुमची आखूड कुंची म्हणजे इथली श्लुप्फम्युत्से! अगदी तीच, चेहऱ्यापुरती उघडी, खांद्यावर येणारी. इथे प्रत्येक मुलाच्या खुंटीवर एक टांगलेली असते.

एकच विनंती: बंद लावू नका, बटण लावा. घसरगुंडीच्या कठड्यात टोपीची नाडी अडकून गळा आवळला गेल्याच्या घटना घडल्या आहेत. युरोपात सात वर्षांच्या आतल्या मुलांच्या कपड्यांना टोपी आणि गळ्यापाशी नाडी लावायला ईएन १४६८२ या मानकाची मनाई आहे. आमच्या किटात मफलरही घालू देत नाहीत, गोल गळपट्टी चालते.

आजी_कॉलेजरोड | १७ नोव्हेंबर, दुपारी ४:३५

हे मला माहीत नव्हतं. नातवाच्या कुंचीचे बंद आत्ता कापले, हनुवटीखाली बटण लावते आहे. गोंडेही काढले.

बालवैद्य | १७ नोव्हेंबर, रात्री ९:०२

बालरोगतज्ज्ञ म्हणून थोडं लिहितो. दवाखान्यात नोव्हेंबर ते जानेवारी रोज हेच बोलतो, म्हणून सवय आहे.

मुलाला थंडी वाजते का हे हाताच्या पंजावरून ठरवू नका, लहान मुलांचे पंजे-पाऊल गारच लागतात. मानेच्या मागे, कॉलरच्या आत दोन बोटं घाला. कोमट आणि कोरडं लागलं तर बरोबर. ओलसर लागलं तर एक कपडा कमी करा. गार लागलं तर वाढवा. आपण स्वतः जेवढे कपडे घातले त्यापेक्षा एक थर जास्त, हा ढोबळ हिशेब चालतो. पण जे मूल धावतंय त्याला तोही कधी जास्त होतो.

इसारकाठ, वाळूत खेळताना तासभर पाठ गार पडली म्हणून तिला आजार होणार नाही, सर्दी विषाणूंमुळे होते. तेव्हा झोप घालवू नका. तिला उघडी ठेवा असं मी म्हणत नाही, गार पडलेलं मूल चिडचिडं होतं, खेळायचं सोडून देतं.

आता ज्या दोन गोष्टी मला खरोखर सांगायच्या आहेत. पहिली: ट्रंकेतून काढलेले स्वेटर. त्यात डांबरगोळ्या असतील तर ते मुलाच्या अंगावर घालू नका. त्यातलं नॅफ्थलीन श्वासातून आणि कातडीतून अंगात जातं, आणि ज्या मुलांमध्ये जी-६-पीडी नावाचं एन्झाइम कमी असतं त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्याने फुटतात. मूल अचानक पांढरं पडतं, पिवळं पडतं, लघवी कोलासारखी गडद होते. अशी मुलं मी पाहिली आहेत. आणि आपलं मूल त्यांपैकी आहे का, हे बहुतेक आईवडिलांना माहीत नसतं. कपडे ठेवताना कडुलिंबाचा वाळलेला पाला ठेवा. डांबरगोळीचा वास असलेला कपडा आधी अनेक दिवस उघड्या हवेत टांगा, मग धुवा. वास येतोय तोवर वापरू नका.

दुसरी: बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. शेकायचं असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून शेका, आणि निजण्याआधी शेगडी बाहेर.

आणि ताप आलेल्या मुलाला गुंडाळू नका. एक पातळ कपडा, हलकं पांघरूण.

निफाडकरीण | १७ नोव्हेंबर, रात्री ९:२६

डॉक्टर, आमच्याकडे प्रत्येक ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत. सासूबाईंना वाचून दाखवलं. उद्या सगळ्या ट्रंका अंगणात.

अथांग_पुणे | १८ नोव्हेंबर, सकाळी ११:१०

बॉडीसूट किती वयापर्यंत, असं शोधत इथे आले. माझा मुलगा पाच वर्षांचा आहे आणि अजून बॉडीसूट घालतो. त्याच्या पोटाला फीडिंग ट्यूब आहे. सैल शर्ट असला की हात तिकडेच जातो, एकदा त्याने ती ओढून काढली होती. बॉडीसूटमध्ये ती झाकलेली आणि सुरक्षित राहते.

दुकानात तीन वर्षांच्या पुढचे मिळेनासे झाले. मग सदाशिव पेठेतल्या एका टेलरकाकांनी होजिअरीच्या कापडाचे शिवून दिले. ट्यूबच्या जागी झाकण असलेली छोटी खिडकी ठेवली, खाली टिच बटणांऐवजी वेल्क्रो, कारण त्याला उचलून धरून एका हाताने लावावं लागतं. गळ्याला पुढे-मागे एकमेकांवर चढणारे खांदे ठेवले, म्हणजे घाण झाल्यास कपडा डोक्यावरून न काढता खाली ओढून काढता येतो. हिवाळ्यासाठी त्याच मापाचे फ्लॅनेलचे दोन.

हे अशासाठी लिहितेय की बाळांचे कपडे अजून का घालता, असं मला लोक विचारतात. ज्याला ज्याची गरज आहे त्याने ते घालावं. कुणाला माप हवं असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी कागदी नमुना पाठवेन.

इसारकाठ | १८ नोव्हेंबर, दुपारी १२:०५

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. टेलरकाकांना नमस्कार सांगा.

वऱ्हाडी_बाबा | १८ नोव्हेंबर, दुपारी २:४०

नागपूरची थंडी म्हणजे काय, असं पुण्या-मुंबईचे लोक विचारतात. २०१८ च्या २९ डिसेंबरला इथे ३.५ अंश होते. पोराला तेव्हा प्ले स्कूलला स्कूटरवर नेत होतो. स्कूटरवर वारा लागतो, हे कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लोकर वारा अडवत नाही, वरून पातळ का होईना पण वारा न शिरणारं जॅकेट पाहिजे. पोरगं पुढे उभं असेल तर सगळा वारा त्याच्या छातीवर. त्याला मागे-मध्ये बसवा, आईच्या आणि बाबांच्या मधात.

अन् जॅकेटवर नाव लिहा. दुपारी ऊन चढलं की पोरं जॅकेट काढून टाकतात, घरी दुसऱ्याचंच येतं.

साताऱ्याची_लेक | १८ नोव्हेंबर, रात्री ८:१८

दिवसाचं झालं, रात्रीचं सांगते, कारण माझा मुलगा रात्री गोधडी लाथाडतो. बॉडीसूट बंद झाल्यावर पहाटे चारला बघावं तर गोधडी खाटेखाली आणि पोट उघडं.

आईच्या जुन्या नऊवारीची झोपायची पिशवी शिवली. चार पदर, मध्ये काही भरलं नाही, गोधडीसारखे धावदोऱ्याचे टाके. खांद्यापासून पावलापर्यंतचं माप अधिक वीतभर, खाली बंद, बिनबाह्यांची, पुढे वरून खाली चेन. चेनचं टोक हनुवटीला लागू नये म्हणून वर कापडाची टोपी केली. गळा बेताचा ठेवला, डोकं आत सरकेल इतका मोठा असता कामा नये. पाय झाडतो, पण पिशवी त्याच्याबरोबरच जाते. आत लांब बंडी आणि पायजमा. टोपी, मोजे नाहीत.

त्या लुगड्याला आईचा वास आहे. ती मागच्या वर्षी गेली. तो पिशवीची कड गालाशी धरून झोपतो.

इसारकाठ | १८ नोव्हेंबर, रात्री ९:००

साताऱ्याची_लेक, काय लिहू. इथे विकत मिळणाऱ्या पिशव्यांवर ऊब किती त्याचा टॉग आकडा असतो, १६ ते २० अंशांच्या खोलीला अडीच टॉग. आमच्याकडे ती आहे, पण पावलं बंद असल्यामुळे लेक उठून रात्री शूला जाऊ शकत नाही. पाय बाहेर काढता येणारी शोधते आहे.

लोकरवेडी | १८ नोव्हेंबर, रात्री ९:१४

मिळते, पाय असलेली. किंवा तीच पिशवी खालून उसवून दोन पायांच्या कडेला रिब लाव. आणि रात्री टाइट्स नको, ओढायला वेळ लागतो. नुसता सैल इलॅस्टिकचा पायजमा, बंडी आत.

इसारकाठ | २९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

दहा दिवस झाले, म्हणून कळवते.

लोकर-रेशमाच्या तीन लांब बंड्या जुन्या बाजारातून मिळाल्या, १०४ च्या. टाइट्सच्या आत खोचते, टीशर्ट बाहेर. पहिल्या दिवशी तिला टाइट्स वर ओढता येईना, तिथेच उभी राहून हाक मारत होती. मग कमरेच्या इलॅस्टिकला पुढच्या बाजूला लाल दोऱ्याचा टाका घातला. आता तिला पुढची बाजू कळते, आणि दोन्ही अंगठे आत घालून ओढायचं हे किटातल्या ताईंनीच शिकवलं. गेल्या आठवड्यात एकदाच झालं. ती रडली नाही, स्वतः सुके कपडे मागितले.

कारसीटची चाचणी केली. चार बोटं सैल. जॅकेट आता मागच्या सीटवर असतं.

पिवळ्या बदकाची बंडी झाली, बाजूच्या गल्लीतल्या तुर्की टेलरने मशीनवर कड मारून दिली, पैसे घेतले नाहीत. आईने आजींच्या मापाने मागचा पल्ला चार बोटं लांब ठेवून स्वेटर टाकलाय, काल व्हिडिओवर अर्धी पाठ दाखवली. तिच्या लोकरीच्या पेटीतही डांबरगोळ्या होत्या, त्या तिने काढल्या आणि नवीन लोकर आणली.

आज आणायला गेले तेव्हा ती परत त्याच वाळूत ओणवी. जॅकेट वर, स्वेटर वर, टीशर्टही वर. मागून हात घातला तर बंडी होती तिथेच, आणि तिच्याखाली पाठ कोमट.

आजी_कॉलेजरोड | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:०५

आईला सांग, बगलेचे टाके कमी करताना घाई करू नको, आत बंडी आणि टीशर्ट मावायला हवा. अडलं तर इथेच विचार म्हणावं.